चारूच्या वतीने

७ डिसेंबर १९९७, रविवार. संध्याकाळ.

वर्ष संपत आलं. आढावा घ्यायची वेळ झाली, असं मी नाही, रावसाहेब सर म्हणतात. आज वाशीच्या व्यक्तिमत्त्व विकास वर्गात त्यांनी बॉम्ब टाकला. अठ्ठावीसला समारोप. प्रत्येकाने स्टेजवर येऊन जानेवारीतल्या संकल्पांचं काय झालं ते सांगायचं. मग जोडीदाराने माईकवर दोन शब्द बोलायचे. ज्याच्यात सगळ्यात जास्त बदल, त्याला ट्रॉफी.

ट्रॉफी माझी आहे.

काय काय ठरवलं होतं मी! पहाटे पाचला उठणार, सिगारेट बंद, इंग्लिश फाडफाड, कंप्युटर शिकणार, रागावर ताबा, रोज एक तास फक्त कुटुंबाला. वरवर बघणाऱ्याला वाटेल यातलं एकही झालेलं नाही. मी वरवर बघणारा नाही. शिवाय अजून तीन आठवडे आहेत. शिस्तीचा माणूस तीन आठवड्यांत वर्ष भरून काढतो.

घरी येऊन चारूला सांगितलं, अठ्ठावीसला चांगली साडी नेस, तुला माझ्यावर बोलायचंय. ती म्हणाली, मला पण तुझ्याशी बोलायचंय. बँकेत प्रमोशन झालंय तिचं. क्लार्कची ऑफिसर. म्हणजे बदली आलीच. घेणार की नाही ते वर्ष संपायच्या आत कळवायचंय.

म्हटलं, अभिनंदन. पण अठ्ठावीसपर्यंत माझ्या डोक्यात नवीन काही टाकू नकोस. फोकस हलतो.

जाईने विचारलं, बाबा, फोकस म्हणजे काय? तिला समजावून सांगितलं. कुटुंबाचा तास त्यातच धरला.

८ डिसेंबर, सोमवार.

पाचला गजर झाला. ऐकला. म्हणजे मी जागा होतो, फक्त उभा नव्हतो.

गजर बंद केला चारूने. वर्षभर तीच करते. आधी प्रमोशनच्या परीक्षेचा आणि इंग्लिश इंटरव्ह्यूचा अभ्यास करायची, किचनच्या ओट्यापाशी स्टूल टाकून. परीक्षा झाली तरी सवय गेली नाही. आता विचार केला तर गजर कोणी आणला? मी. कोणासाठी लावला? माझ्यासाठी. उठलं कोण? घरातलंच माणूस. म्हणजे संकल्प घरात राहिला. हे स्टेजवर नीट मांडलं पाहिजे.

१० डिसेंबर, बुधवार.

खाली फजलभाईशी रिहर्सल. फजलभाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा, मूळ नावड्याचा, नेरुळला लाद्यांचं दुकान. वर्गात सरांनी जोड्या लावल्या तेव्हा तो माझा लक्ष्यमित्र झाला. मी संकल्प मोडला की त्याने टोकायचं, त्याने मोडला की मी. त्याचा संकल्प एकच, स्टेजवर उभं राहून चार वाक्यं बोलायची. माईक बघितला की त्याची बोबडी वळते. मला कीव येते.

पानवाल्याकडे उभे होतो. त्याने एक सिगारेट पेटवली, अर्धी मला दिली. म्हणाला, विलासभाय, मी टोकतो हां, सिगारेट नको पिऊ. मी म्हटलं, ऐकलं. टोकणं झालं, ऐकणं झालं. सिस्टीम व्यवस्थित चालू आहे.

भाभी ऑफिसर झाली म्हणे, तो म्हणाला, मग तू कोण आता? ऑफिसरचा मिस्टर! आणि हसला. मी पण हसलो. उरलेली सिगारेट मीच संपवली.

११ डिसेंबर, गुरुवार.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. चारूचा उपास. हॉलमध्ये कलश मांडलेला, नारळाला मुखवटा, गजरा. कहाणी वाचून झाल्यावर म्हणाली, आता तरी दोन मिनिटं ऐकशील?

मी सक्रिय श्रवण वापरलं. हे सरांचं तंत्र आहे. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघायचं आणि त्याचा शेवटचा शब्द परत म्हणायचा, म्हणजे त्याला वाटतं आपल्याला समजून घेतलंय.

ती म्हणाली, मला वाटतं मी प्रमोशन घ्यावं. मी म्हटलं, घ्यावं. ती म्हणाली, पण जाईचं टेन्शन येतं. मी म्हटलं, येतं. ती म्हणाली, विलास, तू ऐकतोयस का? मी म्हटलं, ऐकतोयस का.

उठून आत गेली. तंत्रात काही चूक नाही. भुवया हलत होत्या तिच्या.

१४ डिसेंबर, रविवार.

वर्गात इंग्लिशची प्रगती तपासली. सर म्हणाले, विलास, टेल अस अबाउट युवर फॅमिली. मी म्हटलं, माय वाइफ इज ऑफिसर. पुढचं वाक्य मनात तयार होतं, पण तेवढ्यात टाळ्या पडल्या.

कंप्युटरचा विषय राहिलाय. क्लासला नाव घातलं होतं, बॅच सकाळची होती. पण चारूच्या ब्रँचमध्ये यंदा कंप्युटर आले, ती शिकली. रात्री जेवताना फ्लॉपी, प्रिंटआउट असे शब्द आमच्या घरात सहज बोलले जातात. घरात कंप्युटर आला म्हणायला हरकत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार.

चारूने परत विषय काढला. तुला काय वाटतं, जाऊ का मी? सर सांगतात, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्या, समोरचा स्वतःच उत्तरापर्यंत पोचतो. म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, ते मी मागच्या गुरुवारी सांगितलं. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी म्हटलं, माझ्या तोंडून का ऐकावंसं वाटतं तुला?

ती म्हणाली, एकदा साधं बोल ना रे माझ्याशी.

इथे माझा आवाज थोडा वाढला. राग नव्हता, आवाज होता. आमटीची वाटी भिंतीला लागली. जाई उठून आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी लगेच मनात उलटे आकडे मोजले. त्यामुळे पुढची वाटी हातातच राहिली. जानेवारीतला मी असतो तर राहिली नसती. हा बदल स्टेजवर सांगावा की नको?

चारूने भिंत पुसली.

२० डिसेंबर, शनिवार.

कंपनीत निशांतला सुपरवायझर केलं. निशांत माझ्यानंतर पाच वर्षांनी लागलाय, त्याला मी स्टोअर्सचं काम शिकवलं. पेढा दिला. मी खाल्ला. साहेब म्हणाले, विलास, मनाला लावून घेऊ नकोस, तुझी वेळ येईल. मी कुठे लावून घेतोय? शिरवण्यातून घरापर्यंत चालत आलो. रिक्षा मिळाली नाही असं सांगितलं. चालण्याचा व्यायाम.

घरी चारू फोनवर, म्हणजे खाली फजलभाईच्या बायकोकडे, सफियाभाभीकडे. आमच्याकडे फोन अजून यायचाय. बराच वेळ बोलत होती. वर आली तेव्हा चेहरा खुललेला. म्हटलं, कोण होतं? म्हणाली, आमच्या मॅडम. गुरुवारी सांगते, उद्यापनाला.

मी विचारलं नाही. फोकस.

२२ डिसेंबर, सोमवार.

आज मोठा दिवस. शांतपणे लिहितो.

काल वर्गाचा विषय होता, त्वरित निर्णय. सर म्हणाले, जो निर्णय लांबवतो तो आयुष्य लांबणीवर टाकतो. चोवीस तासांत एक अडकलेला निर्णय घ्या आणि अठ्ठावीसला येऊन सांगा. माझ्या आयुष्यात अडकलेलं असं काही नाही. मग लक्षात आलं, घरात आहे की! चारूचं प्रमोशन. बिचारी दोन आठवडे मला विचारतेय. विचारतेय म्हणजेच मनातून नाही म्हणायचंय. हो असतं तर घेतलं असतं आणि सांगितलं असतं. बायका स्वतःहून नाही म्हणत नाहीत. कोणीतरी त्यांच्या वतीने म्हणावं लागतं.

तिच्या ब्रँचमधल्या दोघी-तिघींनी असंच केलंय. प्रमोशन नाकारलं, कोणी काही म्हणालं नाही. घरची अडचण म्हटलं की संपलं.

लंच टाइमला कंपनीबाहेरच्या पीसीओवरून त्यांच्या सरस्वती मॅडमना फोन लावला. मी चारुलताचा मिस्टर बोलतोय. घरची अडचण आहे, ती बदलीवर जाऊ शकणार नाही. मॅडम म्हणाल्या, नक्की ना? शनिवारी तर वेगळं बोलली ती. मी ठामपणे म्हटलं, नक्की. आमचं बोलणं झालंय. त्या म्हणाल्या, मग मी आजच वर कळवून टाकते, त्यांना घाई आहे.

बोलणं झालंय हे खरंच आहे. विषय निघालाच होता.

पीसीओतून बाहेर आलो तेव्हा छाती भरून आली. वर्षातला पहिला निर्णय, तोही एका झटक्यात. चारूला आत्ता सांगणार नाही. स्टेजवरून सांगीन. डोळ्यांत पाणी येईल तिच्या.

२५ डिसेंबर, गुरुवार.

उद्यापन. सुट्टी होती म्हणून सगळ्या बायका आल्या. सोसायटीतल्या, बँकेतल्या. सफियाभाभी सकाळपासून मदतीला, केळी पुसून ताटात लावत होती. पुरुषाला हळदीकुंकवात जागा नाही, म्हणून मी किचनमध्ये मसाला दूध ढवळत होतो. कुटुंबाचा तास.

बाहेर हसणं-खिदळणं चाललेलं. मग सरस्वती मॅडमचा आवाज. अगं चारुलता, मला किती वाईट वाटलं! भांडून भांडून पनवेलची जागा तुझ्यासाठी धरली होती मी. शनिवारी तू उड्या मारत होतीस. आणि सोमवारी तुझ्या मिस्टरांचा फोन, घरची अडचण. मी वर कळवलं, त्यांनी पनवेल लगेच दुसऱ्याला देऊन टाकलं. आता घ्यायचंच असेल तर चिपळूण उरलंय बघ.

कोणाची तरी बांगडी ताटाला लागली.

चारू म्हणाली, दूध घेता ना मॅडम? मग आत हाक मारली, दूध आण रे.

ट्रे घेऊन गेलो. एवढ्या बायका आणि एकही माझ्याकडे बघत नव्हती. सफियाभाभीने ट्रे हातातून काढून घेतला आणि हळू म्हणाली, भाई, आत जा.

दूध खाली लागलं होतं. सगळ्यांनी प्यायलं.

सगळ्या गेल्यावर चारूने कुंकवाचा करंडा बंद केला. फोन तू केलास? म्हटलं, तुझ्या वतीने. ती म्हणाली, पनवेल मिळत होतं मला. नेरुळवरून एक बस. संध्याकाळी घरी. जाईची शाळा तीच. आज सगळ्यांसमोर सांगणार होते तुला, पेढे आणून ठेवलेत फ्रीजमध्ये.

मी शांतपणे विश्लेषण केलं. तिलाही घर सोडायचं नव्हतं, मलाही तिने सोडायला नको होतं. म्हणजे दोघांचं ध्येय एकच होतं. संवादात थोडा गॅप राहिला. हे मी तिला समजावून सांगितलं.

ती म्हणाली, तू झोप आता. बाहेर उजेड होता.

२६ डिसेंबर, शुक्रवार.

मॅडमना परत फोन केला. गैरसमज झाला म्हटलं. त्या म्हणाल्या, पनवेलची ऑर्डर दुसऱ्याच्या नावाने निघाली. आणि विलासराव, राग मानू नका, यापुढे चारुलताविषयी मी चारुलताशीच बोलेन.

चारू बोलते. मीठ कमी आहे का, दुधाची कुपनं संपलीत, एवढं. भांडत नाही. मला वाटतं निवळलं. अठ्ठावीसला येणार का विचारलं. म्हणाली, येईन की. साडी काढून ठेवलीय.

२८ डिसेंबर, रविवार.

आधी फजलभाई गेला स्टेजवर. घाम पुसला, पाणी प्यायलं. म्हणाला, सलाम, नमस्कार, मी फजल. मी लाद्या विकतो. मला बोलता येत नव्हतं. आता एवढं येतं. आणि खाली उतरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. चार वाक्यं पण मोजून झाली नसतील नीट.

मग मी. मुद्देसूद मांडलं. आमच्या घरात वर्षभर पहाटे पाचला उठणं झालं. अभ्यास झाला. इंग्लिश इंटरव्ह्यू झाला. कंप्युटर आला. टाळ्या पडत होत्या. निर्णयाचा मुद्दा गाळला.

सरांनी चारूला माईक दिला. मोरपंखी साडी नेसली होती. म्हणाली, माझे मिस्टर म्हणाले ते सगळं खरं आहे. घरातले सगळे संकल्प पुरे झाले. ठरवले यांनी, पाळले मी. हॉल हसला. मी पण हसलो, स्टेजवर होतो म्हणून. एकच राहिला होता, ती म्हणाली, त्वरित निर्णय. तो त्यांनी माझ्या वतीने घेतला. म्हणून आता पाच तारखेला मी चिपळूणला ऑफिसर म्हणून रुजू होतेय. जाईला घेऊन. कालच लिहून दिलं. दोन शब्द सांगितले होते, जास्त झाले असतील तर माफ करा.

टाळ्या थांबेनात. रावसाहेब सर म्हणाले, हीच ती प्रेरणा! ताई, चिपळूणला आपली शाखा काढू या.

मी जागच्या जागी उभा. स्टेजवरून उतरायच्या पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते आठवेना. फजलभाईने येऊन दंड धरला. ट्रॉफी त्याला मिळाली. त्याने ती पिशवीत घालून ठेवली, मला दिसू नये म्हणून.

३१ डिसेंबर, बुधवार.

घरात खोकी. जाईची वह्या-पुस्तकं, चारूचा मिक्सर. चिपळूणला तिचा भाऊ आहे, दत्तू. त्याने शाळेच्या हेडबाईंशी बोलूनही ठेवलंय.

म्हटलं, मी पण येतो. नोकरी सोडतो. ती म्हणाली, तिथे काय करशील? म्हटलं, विचार करीन. ती म्हणाली, तो इथे पण करता येतो.

माफी मागायची ठरवली. सर सांगतात, माफी मागताना ‘पण’ हा शब्द वापरायचा नाही. आरशासमोर सराव केला. मग तिच्याजवळ जाऊन म्हटलं, चारू, चुकलं माझं, पण

तिने हातातली सुतळी दाताने तोडली. म्हणाली, हे खोकं धर.

धरलं.

जाईने विचारलं, बाबा, तू रविवारी येशील? म्हटलं, दर रविवारी. ती म्हणाली, दर रविवारी नको म्हणू. एक कुठला तरी सांग.

वर्ष संपलं. एकूण आढावा उद्या.

३ जानेवारी १९९८, शनिवार.

दत्तू ट्रॅक्स गाडी घेऊन आला. सामान बसलं. दत्तू मला म्हणाला, येतो भावजी. एवढंच, नाहीतर तो कोकणातला माणूस, टोमणा मारल्याशिवाय निघत नाही.

जाईने खिडकीतून हात केला. चारूने सफियाभाभीला मिठी मारली. मला म्हणाली, गॅस बंद करत जा.

आढावा परवा लिहिला नाही. आजही नको.

४ जानेवारी, रविवार.

दुपारी खाली गेलो. जेवणाच्या वेळेला गेलो असं मुद्दाम नव्हतं. सफियाभाभी म्हणाली, बसा भाई, पण जेवायला नाही देणार. चारूने सांगून ठेवलंय, जेवण द्यायचं नाही, शिकवायचं. तिने किती तांदळाला किती पाणी ते दाखवलं. मग वर पाठवलं. भाताची खीर झाली. जेवलो.

वर्गाला गेलो नाही.

११ जानेवारी, रविवार.

भात बरा झाला.

गजर लावत नाही. पाचला आपोआप जाग येते. उठतो आणि बसतो. करायचं काय ते ठरलेलं नाही.

संध्याकाळी खालून फजलभाईची हाक. विलासभाय, चिपळूण! चप्पल न घालता उतरलो. चारू एसटीडी बूथवरून बोलत होती. पहिल्यांदा जाई. तिला नवीन मैत्रीण मिळालीय, तिच्याकडे म्हैस आहे. मग चारू. जेवतोस का? म्हटलं, हो. गॅस? म्हटलं, बंद करतो. मागे बूथच्या मीटरची टिकटिक.

तोंडात खूप काही आलं होतं. नव्या वर्षाचं सगळं ठरवलं होतं मी काल, ते सांगणार होतो. पण का कोण जाणे, विचारलं, तुझं कसं चाललंय गं तिथे? त्रास होतो का?

पलीकडे काहीच नाही.

हॅलो, म्हटलं. हॅलो. काहीच नाही. लाइन गेली असणार. कोकणात जातेच. रिसीव्हर खाली ठेवला आणि फजलभाईला म्हटलं, कट झाला.

सफियाभाभी दाराशी उभी होती, स्पीकर चालू होता, तिलाही ऐकू येत होतं. म्हणाली, कुठे कट झाला भाई? मीटरची टिकटिक चालू होती, ती होती ना लायनीवर. रडत होती. बोलायला जरा वेळ तर द्यायचा.

बूथचा नंबर कोणाकडेच नाही.

फजलभाईने खुर्ची सरकवली. बसलोय.